संपर्काची व्यक्ती

४ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

ओळखलंस का? कॉम्प्युटरच्या क्लासात तुझ्या शेजारी बसून, तुझ्याच वहीतून उतरवून पास झालेली बडबडी मी. इतक्या वर्षांनी एकदम ईमेल, आणि तीही कामाची, म्हणून आधीच कान पकडते. फोनच केला असता, पण दिवसभर फोनवर बोलून संध्याकाळी घरी येते तेव्हा घशातून आवाज म्हणून निघत नाही. आमचे हे म्हणतात, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात शांतता नांदतेय.

मी आता एका फोनच्या सेवेत आहे. तुला बहुतेक माहीत नसेल. एकटी राहणारी म्हातारी माणसं आमच्याकडे नाव नोंदवतात आणि आम्ही रोज सकाळी त्यांना फोन करतो. उठलात का, औषध घेतलंत का, बास. फोन उचलला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा करायचा. तरी नाही उचलला, तर नोंदीत संपर्काची व्यक्ती म्हणून जिचं नाव असेल तिला कळवायचं. आम्ही चौघी. एक खोली, रंग चढवून चढवून बंद झालेली एक खिडकी आणि स्पंज निघालेले हेडफोन. कान दुखतात, पण काम वाईट नाही.

आता महिनाअखेर ही सेवा एका एजन्सीकडे जातेय. यापुढे फोन मशीन करणार. “ठीक असाल तर एक दाबा.” आम्हाला दुसरीकडे कुठेतरी टाकतील म्हणतात. त्याआधी जुन्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या सभासदांच्या नोंदी फायलीतून काढून एजन्सीला द्यायच्या आहेत. ज्याने तो जुना प्रोग्राम लिहिला तो कधीच नोकरी सोडून गेला. त्याच्या कोडचा एक छापील कागद कपाटात सापडला तेवढाच. सुपरवायझरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही ती सी भाषा शिकला होतात ना?” मुलाखतीत मारलेली थाप अशी कधी अंगाशी येईल सांगता येत नाही.

तर मी प्रोग्राम लिहिला. हसू नकोस. पहिल्या आजोबांचं नाव, फोन सगळं धड येतं. दुसऱ्या बाईंच्या नावाची पहिली आठ अक्षरं गायब. तिसऱ्यांची सोळा. पुढे पुढे तर कोणाच्या नावाच्या जागी कोणाचा फोन आणि कोणाच्या मुलीचं अर्धं नाव. रांगेत उभ्या माणसांना मागून कोणीतरी ढकलत न्यावं तसं दिसतं.

कागदावर असं आहे: नाव चाळीस अक्षरं, फोन बारा, संपर्काच्या व्यक्तीचं नाव चाळीस, तिचा फोन बारा, नातं अकरा, चालू की बंद ही खूण एक, आणि शेवटी मागच्या फोनची तारीख, ती ‘लाँग’ प्रकारच्या आकड्यात. मी तसंच्या तसं टाइप केलंय. मग चुकतं कुठे?

आणखीही एक विचारायचं होतं. पण आधी हे निस्तरू दे.

तुझी,
बडबडी


६ फेब्रुवारी

बडबडे,

ओळखलं. उतरवताना माझ्या चुकाही उतरवायचीस, ते विसरलेले नाही.

तुझं टायपिंग बरोबर आहे. मशीन बदललंय. त्या फायलीत ओळी नसतात, सभासदांच्या मध्ये कुठली खूणही नसते. नुसता बाइटांचा लांबच लांब पट्टा असतो. एक माणूस कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे फायलीला माहीत नाही, आपण मापाने तोडायचं असतं. जुन्या मशीनवर लाँग चार बाइटचा होता. म्हणजे एक माणूस एकशे वीस बाइटचा. तुझ्या मशीनवर लाँग आठ बाइटचा आहे, आणि तो आठाच्या पाढ्यात बसावा म्हणून कंपायलर त्याच्या आधी चार बाइट रिकामे सोडतो. तुझा माणूस झाला एकशे अठ्ठावीसचा. म्हणजे दर वेळी तू पुढच्या माणसाचे आठ बाइट खाऊन टाकतेस.

लाँग काढ आणि तिथे int32_t लिही, तो कुठल्याही मशीनवर चारच बाइटचा असतो. फाइल उघडताना नुसतं r नको, rb, म्हणजे बाइट जसेच्या तसे वाचले जातात. वाचायला लागण्याआधी एका माणसाचं माप छापून बघ, एकशे वीस यायला हवं. मग फायलीच्या एकूण लांबीला एकशे विसाने भाग. बाकी उरली तर कळव. उरू नये.

बाकी विशेष काही नाही. मी घरूनच काम करते, लोकांचे जुने प्रोग्राम दुरुस्त करून देते. वडलांना मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, आता मी त्यांच्याकडेच असते. उजवा हात चालत नाही आणि बोलणं मोजकंच राहिलंय. सकाळी त्यांची अंघोळ आटपली की अर्धा दिवस संपल्यासारखं वाटतं. ते दुपारी झोपले की मी कामाला बसते. आत्ता झोपलेत.

एक सांगून ठेवते. तिथली खबरबात मला नको. कोण कुठे आहे, कोणाचं काय चाललंय, काही नको. ते घर सोडलं तेव्हा ते गावही सोडलं. तुझं मात्र सांग, त्याला हरकत नाही.

— मास्तरीण


११ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

जमलं! बाकी शून्य! सगळी माणसं आपापल्या जागी आली. कोणाच्या डोक्याला कोणाचे पाय नाहीत. मी खुर्चीतून उठून ओरडले, तर बाजूची फोनवर होती, तिच्या आजीबाई तिकडून विचारायला लागल्या, “काय झालं गं? कोणी पडलं का?”

एकच गोष्ट. यादीतले शेवटचे आजोबा दोनदा येतायत. तसे ते बोलतानाही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, त्यामुळे मला आधी काही वावगं वाटलंच नाही.

आता यादी बघत बसलेय. गंमत आहे, मी या माणसांना फक्त आवाजाने ओळखते. नावं लिहिलेली अशी एका खाली एक कधी बघितलीच नव्हती. काही नावांपुढे बंदची खूण आहे. जुना प्रोग्राम कोणाला पुसत नव्हता, नुसती खूण करून ठेवायचा. त्यातले निम्मे तर माझ्या सकाळच्या यादीतले होते. एक मास्तर होते, ते मला रोज विचारायचे, आज हवा कशी आहे? मी सांगायचे, इथली खिडकी उघडत नाही हो. मग तेच मला हवा सांगायचे. पण एजन्सीला फक्त चालू माणसं हवीत, तेव्हा त्यांना बाजूला केलं.

आता ते दुसरं. एजन्सीचा नियम असा, की ज्या सभासदाच्या संपर्काच्या व्यक्तीचा फोन लागत नाही तो सभासद ते घेणार नाहीत. त्यांचं म्हणणं, मशीनने कळवायचं तरी कोणाला? म्हणून आम्ही सगळे नंबर लावून बघतोय. बहुतेक लागतात. काही नाही लागत.

समज, एक बाई आहेत. संपर्काची व्यक्ती म्हणून त्यांनी सुनेचं नाव दिलंय. तो नंबर कधीचाच बंद झालाय. दुसरं कोणी नाही असं त्या म्हणतात. मुलगा आहे, पण त्याचं नाव त्या देत नाहीत, आणि दिलं तरी तो फोन उचलेल असं मला वाटत नाही. अशा नोंदीचं काय करायचं गं? तू असतीस तर काय केलं असतंस?

बडबडी


१३ फेब्रुवारी

बडबडे,

शेवटचे आजोबा दोनदा येतात कारण तू ‘फाइल संपली का’ असं आधी विचारतेस आणि मग वाचतेस. फाइल संपली हे वाचायला गेल्यावरच कळतं, आधी नाही. शेवटचा माणूस वाचून झाला तरी फाइल म्हणते अजून संपले नाही. तू पुन्हा वाचायला जातेस, हाती काही लागत नाही, आणि आधीचाच माणूस तुझ्या हातात तसाच असतो. तोच पुन्हा छापला जातो. वाचणं हीच अट कर:

while (fread(&u, sizeof u, 1, fp) == 1)

म्हणजे एक माणूस पुरता वाचला गेला तरच पुढे जायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नंबर चालत नसेल तर ती नोंद गाळ. वेगळ्या फायलीत लिहून ठेव आणि ती फाइल सुपरवायझरला दे. प्रोग्रामने दया दाखवायची नसते. नियम एजन्सीचा आहे, त्याचं ओझं तू कशाला घेतेस?

आणि त्या सुनेने नंबर बदलला असेल तर तिची तिला कारणं असतील. सासूने नाव लिहून दिलं म्हणजे ती बांधली जात नाही. विचारलं तरी होतं का तिला, नाव लिहिण्याआधी?

माफ कर, आज चिडचिड होतेय. वडलांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवतात. मग मीही चमचा आपटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते चमच्यामुळे की मुळातच येतं तसं, कळत नाही. डॉक्टर म्हणतात या आजारात असं होतं. सगळ्यालाच असं होतं म्हणतात.

— मास्तरीण


१६ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

तीन वेळा लिहून खोडलं. आता सरळच लिहिते.

जी नोंद गाळ म्हणालीस ती माईंची आहे. तुझ्या सासूबाईंची.

तू आधीच सांगितलंस की त्या घराची खबर नको, म्हणून मी असं आडून विचारलं. खरं तर पहिल्या पत्रातच विचारणार होते. कोडचं अडलं होतं हे खोटं नाही, पण त्यासाठी इथे दुसरंही कोणी सापडलं असतं. आणि फोनच केला असता म्हणाले, पण तुझा चालू नंबर माझ्याकडे होताच कुठे?

माईंनी नाव नोंदवलं तेव्हा फॉर्म मीच भरला, फोनवरून. मी विचारलं, “काही झालं तर कळवायचं कोणाला?” त्या म्हणाल्या, “माझ्या सुनेला.” आणि तुझा नंबर घडाघडा म्हटला. मी तो लिहितानाच ओळखला. तुमच्या लग्नात जेवलेय मी. त्यांना मी काही बोलले नाही. त्याही मला ओळखत नाहीत, त्यांच्यासाठी मी सकाळच्या फोनवाल्या बाई.

त्या आता एकट्याच असतात. मुलगा बदली घेऊन लांब गेला, दुसरं लग्न केलं, तेवढं मला ठाऊक आहे. त्याच्याबद्दल विचारलं की म्हणतात, “त्याला कामं असतात.” मागच्या पावसाळ्यात एका सकाळी फोन उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. तुझा लावला, तो बंद. मी सुपरवायझरला सांगून तशीच निघाले. बसमध्ये असताना ऑफिसातून निरोप आला, उचलला फोन. बाथरूमपाशी पडल्या होत्या, आणि जमिनीवरून सरकत सरकत फोनपर्यंत आल्या. फोनवर पहिलं वाक्य काय, तर “तुम्हाला उगाच त्रास झाला.” मांडीचं हाड थोडक्यात वाचलं.

मशीन विचारेल, ठीक असाल तर एक दाबा. पण ते मशीनही त्यांच्या वाट्याला येणार नाही, कारण नंबर लागत नाही. यादी महिनाअखेर जायची आहे. मला तुझा फक्त आत्ताचा नंबर हवाय. तुला काही करावं लागणार नाही असं मी म्हणणार नाही, कारण करावं लागू शकतं. पण कदाचित कधीच फोन येणार नाही.

लिहू का?

बडबडी


१७ फेब्रुवारी

नाही.

हे तू चांगलं केलं नाहीस. मला वाटलं, इतक्या वर्षांनी कोणाला तरी माझी आठवण झाली. कोड हा बहाणा होता तर.

आता तुला कळावं म्हणून एकदाच लिहिते. पुढच्या खोलीत सगळे बसले होते. तो, त्याचे काका, त्याची बहीण. माझं काय काय चुकलं ते आळीपाळीने सांगत होते. त्याचं दुसरीकडे जुळलंय हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि माई बाजूला बसून टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब मी घालत होते, दर चार तासांनी, ऑफिसातून धावत येऊन. त्या मला कधी नावाने हाक मारायच्या नाहीत, पोरी म्हणायच्या. त्या दिवशी एक शब्द बोलल्या असत्या, ‘हे बरोबर नाही’ एवढंच, तर मी राहिलेही असते. तेवढ्यावर राहिले असते, इतकी वेडी होते मी. त्या बोलल्या नाहीत. मी बॅग घेऊन दारात आले तेव्हा म्हणाल्या, “थर्मास घेतलास का?”

थर्मास!

आणि आता त्यांच्या संपर्काची व्यक्ती मी. मुलाला कामं असतात. मला नसतात.

मी दमलेय गं. एक माणूस मी रोज उचलते, बसवते, भरवते, पुसते. माझ्या अंगात दुसऱ्या माणसापुरतं काही उरलेलं नाही, आणि उरलं असतं तरी ते त्या घरासाठी नसतं. मला आता कोणाचीही सून व्हायचं नाही.

प्रोग्राम चालतोय. नोंद गाळ.

— मास्तरीण


२ मार्च

मास्तरीणबाई,

तू रागावलीस ते बरोबरच आहे. कोड हा बहाणा नव्हता आणि तुझी आठवण येते हेही खरं आहे, पण आत्ता तू माझ्यावर विश्वास कशाला ठेवशील? तेव्हा ते सोडते.

यादी गेली. तू म्हणालीस तसंच केलं, गाळलेली नावं वेगळ्या फायलीत काढली आणि छापून सुपरवायझरबाईंना दिली. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. “बघू,” म्हणाल्या. त्यांच्याही हातात काही नाही. आम्हा चौघींना तक्रार खिडकीवर बसवलंय, तळमजल्यावर. इथली खिडकी तेवढी उघडते.

शेवटच्या दिवशी माईंना फोन मीच केला. त्यांना सांगणं भाग होतं, की उद्यापासून फोन येणार नाही आणि मशीनचाही नाही. त्यांनी विचारलं, “का हो?” मी म्हटलं, “तुम्ही दिलेला नंबर चालत नाही.”

“बदलला असेल तिने,” त्या म्हणाल्या. “बरं केलं.”

मग माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, “माई, मी तिची मैत्रीण आहे. मी तिला विचारलं होतं. ती नाही म्हणाली.”

त्यावर त्या जे चिडल्या, तसं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला विचारायला? तिला कशाला विचारलंत? माझं नाव काढून तिला त्रास दिलात?”

“तुम्हीच तर नाव लिहिलं होतं.”

“मला तेवढाच नंबर पाठ आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही विचारलंत, कोणाला कळवायचं. तोंडातून तोच आला. खोडून टाका.”

मी म्हटलं, “तिला वाटतं तुम्ही त्या दिवशी तिच्या बाजूने बोलायला हवं होतं.” माझी जीभ किती लांब आहे ते तुला माहीतच आहे. तुझं पत्र असं तिसऱ्याच माणसापुढे उघडं करायला नको होतं. पण बोलून गेले.

माई हळू आवाजात म्हणाल्या, “बोलले असते तर ती थांबली असती.”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “मग बोलायचं ना!”

“अहो, थांबली असती ना,” त्या पुन्हा म्हणाल्या. “माझ्याकडे बघत होती. मी नुसती मान हलवली असती तरी बॅग खाली ठेवली असती तिने. मग जन्मभर त्या घरात माझे डोळे, माझे गुडघे आणि त्याचे तमाशे निस्तरत बसली असती. मी खाली बघून टॉवेलाची घडी घालत होते. एकच टॉवेल, सारखा.”

आणि मग म्हणाल्या, “हे तिला सांगायचं नाही. शपथ आहे. नाहीतर परत विचार करत बसेल.”

मी शपथ घेतली, आणि मोडतेय. त्यांना काय वाटेल ते वाटो. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. नंबर मागण्यासाठी लिहीत नाहीये, यादी गेली, आता नंबरचा उपयोगही नाही.

वडील कसे आहेत?

बडबडी


११ मार्च

बडबडे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं आणि भयंकर राग आला. तुझा नाही, माईंचा. माझ्या वतीने ठरवणाऱ्या त्या कोण? मी थांबायचं की जायचं हे त्यांनी टॉवेलात बघून ठरवलं. आणि मी इतकी वर्षं तो दिवस उलटा वाचत बसले. त्यांनी त्या वेळी नजर तरी वर करायची होती. वडलांना भरवताना हेच डोक्यात. त्यांनी माझ्या मनगटावर डावा हात ठेवला आणि म्हणाले, “सांडतंय.” झटक्यानंतर इतका स्पष्ट शब्द पहिल्यांदाच.

शनिवारी त्यांची अंघोळ झाली आणि मी फोन उचलला. त्यांच्या घरचा नंबर मलाही पाठच आहे. मी नंबर बदलला, तरी तो डोक्यातून गेला नव्हता.

“हॅलो,” त्या म्हणाल्या. “मशीन आहे का?”

मी म्हटलं, “नाही. मी आहे.”

त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. मग म्हणाल्या, “कुठून बोलतेस?”

“वडलांकडून. त्यांना बरं नाही. मीच बघते.”

“एकटीच?”

“हो.”

“कमरेला पट्टा बांधतेस का त्यांना उचलताना?”

मी म्हटलं, “माई, मी भांडायला फोन केलाय.”

“मग भांड,” त्या म्हणाल्या. “मी बसून घेते. थांब, खुर्ची ओढते.” खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “हं. बोल.”

इतकी वर्षं घोकलेली वाक्यं होती, एकही येईना. मी म्हटलं, “तुम्ही मला विचारायला हवं होतं.”

“हवं होतं,” त्या म्हणाल्या.

बास, एवढंच. रडल्या नाहीत, माफी मागितली नाही. कारणंही सांगितली नाहीत. मग म्हणाल्या, “त्या फोनवाल्या बाई पोटात काही ठेवत नाहीत वाटतं.” मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, ठसका लागला.

मी म्हटलं, “मी तुमची सून म्हणून फोन केलेला नाही. ते संपलं.”

“माहितेय.”

“मला तिकडे येणं जमणार नाही. वडलांना सोडून कुठेच जाता येत नाही.”

“कोणी बोलावलंय?”

“पण सकाळी त्यांची अंघोळ झाली की थोडा वेळ असतो.”

“रोज नको करूस,” त्या म्हणाल्या. “कंटाळशील.”

मी म्हटलं, “कंटाळले तर तसं सांगेन. तुमच्यासारखी गप्प बसणार नाही.” हे लागेल अशाच सुरात म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, “सांग बरं.”

फोन ठेवला तेव्हा मला काही मोठं ओझं उतरल्यासारखं वगैरे वाटलं नाही. उलट वाटलं, हे काय करून बसले. एक माणूस पुरत नव्हता का. वडलांची चादर बदलायची होती, ती बदलली.

दुसऱ्या दिवशी केला, उचलला. चार वाक्यं झाली. सोमवारीही केला. मंगळवारी केला आणि उचलला नाही.

मी थांबले आणि पुन्हा केला. वाजतोय, वाजतोय. तू सांगितलेलं ते बाथरूम डोळ्यांसमोर आलं. माझ्याकडे तिथला दुसरा कुठलाच नंबर नव्हता, एकही नाही. तुला फोन लावला, तर तू खिडकीवर असशील, तू उचलला नाहीस. तुझ्या फोनवर माझे मिस्ड कॉल दिसले असतील ते हेच. मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून लावत राहिले. किती वेळा लावला कोण जाणे. वडील आतून काहीतरी विचारत होते. मी ओरडले, “थांबा हो!”

शेवटी उचलला. धापा टाकत म्हणाल्या, “दम धर की जरा! कपडे वाळत घालत होते गॅलरीत. गुडघे आहेत माझे, चाकं नाहीत.”

मी जे ओरडले, बडबडे, काय काय बोलले ते आता लिहितही नाही. घराबाहेर जाताना, गॅलरीत जाताना फोन जवळ का ठेवत नाही, नवा बिनतारी फोन का घेत नाही, पडला असतात तर, मी इथून काय करणार होते. त्या सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “संपलं? आता तोंड धू, आणि वडलांकडे बघ जाऊन. मी ठीक आहे.”

मी तोंड धुतलं. वडील जागे होते. मी त्यांना म्हटलं, “काही नाही, माई होत्या.” त्यांनी मान हलवली. कोण माई, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना आठवत असावं.

तर आता काम. त्या घराच्या शेजारी सध्या कोण राहतं ते बघ. एका रविवारी चक्कर टाक, तुझी जीभ कधी नव्हे ती उपयोगाला येईल. घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायला माईंना तयार कर, माझं ऐकणार नाहीत. शेजाऱ्यांचा नंबर पाठव, माईंच्या डॉक्टरांचाही पाठव.

आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर माझाही त्यांना देऊन ठेव. खाली लिहिलाय.

— मास्तरीण